वास नसलेला गुलाब मी गुलाब मानत नाही

मागच्या रमजान ईदला एक ओळखीचे गृहस्थ शीरखुर्म्याला आले. येताना मोठा गुच्छ घेऊन आले. बारा लालभडक गुलाब, हातभर लांब देठ, वर चकचकीत कागद, खाली सोनेरी फीत. अब्बा आतल्या खोलीत पलंगावर बसले होते. काचबिंदूने त्यांची दोन्ही डोळ्यांची नजर जाऊन आता चार वर्षं झाली. पाहुण्यांनी मोठ्या प्रेमाने गुच्छ त्यांच्या हातात दिला. अब्बांनी पाकळ्या चाचपल्या, मग जुन्या सवयीने गुच्छ नाकाशी नेला. एकदा, पुन्हा एकदा. मग माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड करून हळूच म्हणाले, "इसकू बास नै रे. कागद का हाय क्या?"

पाहुणे हसले, मीही हसलो. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्या गुच्छात डोळस माणसासाठी सगळं काही होतं आणि आंधळ्या माणसासाठी काहीही नव्हतं. गुलाबाच्या बाबतीत असं व्हावं, ही मला फसवणूक वाटते. आणि या फसवणुकीत दुकानदार, प्रदर्शनवाले, नर्सरीवाले आणि आपण स्वतः, सगळे सामील आहोत.

माझ्या नेहमीच्या वाचकांना आश्चर्य वाटेल. शिक्षण, तलाक, वक्फच्या जमिनी यांवर भांडणारा माणूस आज गुलाबावर कुठे घसरला? एका मित्राने तर विचारलंच, "तुला दुसरे विषय संपले का?" विषय संपलेले नाहीत. पण मुसलमानाने फक्त मुसलमानांच्या प्रश्नांवरच लिहावं, फुलांवर लिहायचा हक्क बाकीच्यांचा, असं कुणी ठरवलं असेल तर मी ते मान्य केलेलं नाही.

तर मुद्द्याकडे येतो. फुलवाल्याकडे मिळणारा हा लांब देठाचा गुलाब, ज्याला आपण 'डच गुलाब' म्हणतो, तो बहुतेक वेळा हायब्रीड टी या वर्गातला असतो. यातलं 'हायब्रीड' लोक लक्षात ठेवतात, 'टी' विसरतात. हा टी म्हणजे चहाच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमधून काही गुलाब युरोपात गेले. त्यांचा वास ताज्या चहाच्या पानांसारखा वाटला म्हणून त्यांना 'टी रोझ' म्हणू लागले. पुढे त्यांचा युरोपातल्या दणकट, वासाळ गुलाबांशी संकर झाला. फ्रान्समधल्या ग्वियो नावाच्या बागवानाने १८६७ साली 'ला फ्रान्स' नावाचा गुलाब आणला. तो या वर्गातला पहिला मानतात आणि तो चांगला वासाचा आहे. म्हणजे ज्या फुलाच्या आडनावातच वास आहे, त्याच्याच घराण्यातली फुलं आज आपण वासाशिवाय विकत घेतो, वर पैसे मोजतो आणि "किती सुंदर" म्हणतो.

"हायब्रीड आहे ना, त्याला वास कुठून येणार! वास पाहिजे तर आपला गावठी गुलाब." हे वाक्य मी किमान शंभर वेळा ऐकलं असेल. टोमॅटोबद्दल ऐकलं, भाकरीच्या ज्वारीबद्दल ऐकलं, कोंबडीच्या अंड्याबद्दल तर रोज ऐकतो. टोमॅटोचं मला माहीत नाही. गुलाबाच्या बाबतीत हे साफ चूक आहे.

ज्याला आपण गावठी किंवा देशी म्हणतो, ज्याचा गुलकंद करतो, तो गुलाबी रंगाचा भरगच्च गुलाब बहुतेक ठिकाणी दमास्क गुलाब असतो, नाहीतर त्याचा नातेवाईक. हा दमास्कही संकरितच. जपानी संशोधकांनी २००० साली त्याची कुळी शोधून काढली, तेव्हा त्यात तीन वेगवेगळ्या रानटी गुलाबांचं रक्त निघालं. त्यातला एक मध्य आशियातला. म्हणजे आपला 'शुद्ध देशी' गुलाब शुद्धही नाही आणि देशीही नाही. पण वासाचा मात्र बादशहा आहे. संकर झाला म्हणून वास जात नाही. संकर करणाऱ्याने काय मागितलं, त्यावर सगळं ठरतं.

इथे एक जुनी जखम थोडी उघडतो. काही वर्षांपूर्वी एका पुष्पप्रदर्शनात मी माझी दोन फुलं ठेवली होती. शेजारचे सद्गृहस्थ नाव वाचून हसत म्हणाले, "वा, गुलाब म्हणजे तर तुमचंच फूल!" बोलण्यात विष नव्हतं, पण ते 'तुमचं' मला टोचलं. आणखी गंमत म्हणजे आमच्या मोहल्ल्यात हीच गोष्ट छाती फुगवून सांगतात. गुलाब आपण आणला, अत्तर नूरजहाँने काढलं, वगैरे. अरे बाबांनो, जहांगीरने स्वतः आपल्या आठवणींत त्या अत्तराचं श्रेय नूरजहाँच्या आईला दिलं आहे. 'इत्र-ए-जहांगिरी' हे नावही सलीमा सुलतान बेगमने दिलं. सुनेच्या नावावर सासर नाही, लेकीच्या नावावर आईचं काम खपवलं एवढंच! आणि फुलाचं म्हणाल तर, ज्या रानगुलाबाच्या रक्तातून चहाच्या वासाचे गुलाब निघाले, तो 'रोझा जायगँशिया' चीनच्या युन्नानमध्ये, म्यानमारमध्ये आणि आपल्या मणिपूरच्या डोंगरांत आपोआप उगवतो. कोडाईकनालचे विरराघवन त्याच रानगुलाबाला घेऊन वर्षानुवर्षं नवे गुलाब तयार करत आले आहेत. आता सांगा, हायब्रीड टी हे फूल कुणाचं? चिनी, फ्रेंच, इराणी, मणिपुरी? 'गुलाब' या शब्दाचा मूळ फारसी अर्थ तर फूल नाहीच, 'गुल' आणि 'आब', म्हणजे गुलाबपाणी. त्याच शब्दाचा अरबी अवतार म्हणजे आपला 'जुलाब'. ज्याला वंशशुद्धीची फार हौस आहे त्याने या शब्दापासून सुरुवात करावी.

तर मग वास गेला कुठे? तो हरवला नाही. मागणाऱ्यांनी मागितला नाही म्हणून मागे पडला.

पॉलीहाऊसमधल्या गुलाबाचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. तळेगावच्या पुष्पउद्यानात कळी असतानाच तो कापला जातो, शीतगृहात ठेवला जातो, खोक्यात भरला जातो, ट्रकने किंवा विमानाने जातो, दुकानात थांबतो आणि नंतर कुणाच्या तरी फुलदाणीत आठवडाभर ताठ उभा राहावा अशी अपेक्षा असते. त्यासाठी जाड पाकळी हवी, लांब सरळ देठ हवा, एका चौरस मीटरला जास्तीत जास्त फुलं हवीत. या यादीत वासाला जागाच नव्हती. उलट वासाची फुलं लवकर ओघळतात, असा या धंद्यातला अनुभव. म्हणून निवड होत होत वास बाहेर पडला. यात मी पॉलीहाऊसवाल्या शेतकऱ्याला दोष देत नाही. त्याच्या डोक्यावर बँकेचं कर्ज आहे, बाजार जे मागतो ते तो पिकवतो.

पण माझा गुलाब विमानाने कुठेही जाणार नाही. तो घरामागच्या पट्टीतून अब्बांच्या पलंगापर्यंत जाणार, मोजून बावीस पावलं. बावीस पावलांसाठी मी विमानप्रवासाचं फूल का लावू?

फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१५ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध छापला. 'पापा मेयाँ' हा अत्यंत वासाचा गर्द लाल गुलाब आणि 'रूज मेयाँ' हा जवळजवळ बिनवासाचा लाल गुलाब, दोन्ही हायब्रीड टी, दोन्ही एकाच मेयाँ घराण्याच्या नावाचे. दोघांची तुलना केली तेव्हा एक विशिष्ट जनुक एकात जोरात काम करताना दिसलं, दुसऱ्यात जवळपास गप्प. त्या जनुकापासून बनणारं विकर पाकळ्यांत जिरॅनिऑल तयार व्हायला मदत करतं, आणि गुलाबाच्या वासातला तो एक मोठा हिस्सा. "आजकाल हवाच खराब", "मातीत कस राहिला नाही", "सगळा रासायनिक खतांचा परिणाम" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. गप्प जनुकाच्या झाडाला तुम्ही कितीही शेणखत घाला, त्याचं फूल दमास्कसारखं दरवळणार नाही. निवड चुकली की मशागत व्यर्थ.

आता प्रदर्शनवाल्यांकडे वळतो, कारण माझा खरा राग तिथे आहे. गुलाबप्रेमींच्या संस्थांनी तरी वासाची बाजू घ्यायला हवी होती. अमेरिकन रोझ सोसायटीची गुणपद्धत पाहा. शंभरपैकी घाटाला २५, रंगाला २०, देठ आणि पानांना २०, पाकळ्यांच्या कसाला १५, समतोलाला १०, आकारमानाला १०. बेरीज करा, शंभर भरले. वासाला शून्य. सुगंधी फुलांसाठी वेगळा वर्ग ठेवतात, हे खरं. पण मुख्य राजा-राणी ठरवताना नाक बंद! मी ज्या प्रदर्शनात गेलो होतो तिथल्या परीक्षकांना विचारलं, "साहेब, वास घेऊन तरी पाहा." ते म्हणाले, "वास व्यक्तिसापेक्ष असतो." मग रंगाची आवड काय सरकारी राजपत्रात छापून येते? माझ्या फुलाची एक पाकळी किंचित मुडपली होती म्हणून ते बाद झालं. पहिलं बक्षीस मिळालेलं फूल मी जाऊन हुंगलं. कागद.

आपल्याकडचा अपवाद सांगायचा तर डॉ. बी. पी. पाल यांचा. गव्हाच्या संशोधनात आयुष्य घालवलेला, भारतीय कृषी संशोधन परिषदेचा पहिला महासंचालक झालेला हा माणूस फावल्या वेळात गुलाबांचे संकर करत असे आणि 'द रोझ इन इंडिया' नावाचं पुस्तकही त्यांनी लिहिलं. देशाच्या पोटाची काळजी करणाऱ्या माणसाला गुलाब हा फालतू विषय वाटला नाही. माझ्या मित्राने याची नोंद घ्यावी.

आणि आता आपल्या लोकांबद्दल. जुम्म्याला आपण मनगटावर 'गुलाब' नावाचं अत्तर चोळतो. दोन-अडीचशे रुपयांना कुपी. एक किलो गुलाबतेल काढायला सुमारे साडेतीन-चार हजार किलो फुलं लागतात. त्या कुपीत गुलाब किती असेल याचा हिशोब तिसरीतलं पोरही करेल. सुगंधाची भेट नाकारू नये, ही हदीस आपण बयानात मोठ्या आवाजात सांगतो. मग घरी सुगंध उगवायला काय हरकत आहे? लगेच उत्तर येतं, "जागा कुठाय?" दोन मोटारसायकली आणि बंद पडलेला कूलर ठेवायला गच्चीवर जागा असते. गुलाबाच्या तीन झाडांना नसते.

माझी जागा सांगतो. मिरजेत आमच्या घरामागे सहा फूट बाय चौदा फुटांची पट्टी आहे. पूर्वी तिथे फुटके पत्रे आणि शेजाऱ्यांची मांजरं असायची. जमीन काळी, चिकट, पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी. गुलाबाला ओल चालते, पाय पाण्यात ठेवलेले चालत नाहीत. म्हणून दोन-दोन फूट खोल खड्डे घेतले, तळाशी विटांचे तुकडे, वर अर्धी माती, बाकी कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू, मूठभर निंबोळी पेंड. चार झाडं जमिनीत, तीन कापलेल्या प्लास्टिकच्या ड्रमांत. ड्रमाच्या बुडाला भोकं पाडायला विसरू नका, मी पहिल्या वर्षी विसरलो होतो. सहा तास ऊन मिळालं पाहिजे. पाचवर भागेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

ऑक्टोबरच्या मध्याला, पाऊस नक्की गेला असं वाटलं की छाटणी. नवख्याचा हात इथे थरथरतो. वाळक्या, आडव्यातिडव्या, पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या काढायच्या, चांगल्या फांद्या बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या वर तिरक्या कापायच्या, आणि कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट लावायची, नाहीतर शेंड्याकडून मर खाली उतरते. त्यानंतर साधारण सहा-सात आठवड्यांत पहिला बहार. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ ही गुलाब हुंगायची वेळ. फूल अर्ध्याहून थोडं अधिक उमललेलं असावं, ऊन नुकतं अंगावर आलेलं असावं. एप्रिलच्या दुपारी तेच झाड छोटी, भाजलेली फुलं देतं आणि वास हवेत उडून जातो. मग लोक म्हणतात वास नाही. मेल्या उन्हात माणसाचं तरी काय राहतं?

भुरी, मावा, फुलकिडे येतात. येणारच. "वासाची झाडं रोगट असतात," असं एक नर्सरीवाला मला म्हणाला होता. काळ्या ठिपक्यांचा रोग आधुनिक गुलाबांत एवढा पसरला त्याचं खापर वासावर फोडायचं कारण नाही. १९०० च्या सुमारास पेर्ने-ड्युशे या फ्रेंच बागवानाने पिवळ्याधमक रंगाच्या हौसेने 'पर्शियन यलो' या गुलाबाचं रक्त यात आणलं. रंग मिळाला आणि त्यासोबत हा रोगही ठाण मांडून बसला. त्या मूळ जातीचं शास्त्रीय नाव 'फीटिडा', म्हणजे घाण वासाची. रंगाच्या नादात काय काय घरात आलं पाहा.

कुठले लावावेत? मी तीन नावं सांगेन. १९६४ चा 'मिस्टर लिंकन', मखमली लाल, जुन्या दमास्कचा भरगच्च वास. 'डबल डिलाइट', १९७७ चा, दुधी पाकळीला उन्हाने लाली चढत जाते, वास मसालेदार. आणि 'फ्रेग्रंट क्लाउड', पोवळ्याच्या रंगाचा, एक फूल खोली भरून टाकतं. तिघेही हायब्रीड टी. म्हणजे 'हायब्रीडला वास नसतो' म्हणणाऱ्याला उत्तर द्यायला माझ्या मागच्या दारी तीन साक्षीदार उभे आहेत.

अब्बा त्यांना वासावरून ओळखतात. सकाळी चहाबरोबर मी एक फूल त्यांच्या हातात देतो. "आज वो मसालेवाला लाया तू," असं म्हणाले की समजावं डबल डिलाइट. मग ते विचारतात, आज लाली कितीपर्यंत चढली. मी सांगतो, काठापासून निम्म्यापर्यंत. लिंकन दिला की बोलत नाहीत, नुसता धरून बसतात. त्यांच्या लहानपणी आजीच्या अंगणात कुठलासा गुलाब होता, तिचे हात गुलकंदाने चिकट असायचे, हे मला पन्नास वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. या जानेवारीत सांगितलं. ईदच्या गुच्छाने हे सांगायला लावलं नसतं.

नर्सरीत जाऊन फसू नये म्हणून एक सांगतो. माझं चौथं झाडसुद्धा 'मिस्टर लिंकन' म्हणूनच विकत घेतलं होतं. गळ्यात चिठ्ठी होती, फोटो होता. फुलं लाल आली, मोठी आली, वास ठार नाही. परत विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "काका, खत कमी पडलं असेल." तेव्हापासून माझा नियम असा, की झाड फुलावर असतानाच घ्यायचं, सकाळीच जायचं आणि चिठ्ठी वाचण्याआधी वाकून हुंगायचं. नर्सरीवाले विचित्र नजरेने बघतात. बघू देत. दहा गिऱ्हाइकांनी हुंगून झाड परत ठेवलं तर अकराव्याच्या वेळी मालक स्वतः वासाचं झाड पुढे करेल. त्याला धंदा करायचा आहे. आजवर त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं.

फुलवाल्याकडेही मी आता तेच करतो. "वासाचे आहेत का?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "स्प्रे मारून देतो ना!"

ते फसवं चौथं झाड मी उपटलेलं नाही. त्याच्या बुडातून कलमाच्या खाली खुंटाचा एक रानफुटवा दर पावसाळ्यात जोरात वर येतो, तो मी आजवर खुडत आलो. यंदा ठेवला आहे. सांगलीत एका निवृत्त रेल्वेवाल्यांकडे 'पापा मेयाँ' आहे, खरा, मी स्वतः हुंगलेला. डिसेंबरात ते डोळाकाडी देणार आहेत. फुटव्यावर डोळा भरणार, तो धरला की वरचं सगळं कापून टाकणार. अब्बांना सांगितलं तर म्हणाले, दोन भर, एक मेला तर दुसरा राहील.